डेल्फिनबाईंचा डावा हात

१९८३ सालच्या जानेवारीत मी पापडीजवळच्या एका मराठी शाळेत नुकतीच लागले होते. माझ्या वर्गाच्या शेजारी डेल्फिनबाईंची तिसरी. मधे नुसती लाकडी फळ्यांची भिंत होती, त्यामुळे त्यांचा आवाज दिवसभर माझ्या कानावर असे. चोवीस वर्षं त्या मुलांना वाचायला शिकवत होत्या. कधी ओरडलेल्या मला आठवत नाहीत.

त्या सोमवारी पलीकडून हसण्याचा आवाज आला. थोड्या वेळानं पुन्हा आला. मग तो एकदम थांबला आणि वर्ग इतका गप्प झाला की मी खडू खाली ठेवला. तेवढ्यात डेल्फिनबाई माझ्या दारात उभ्या राहिल्या. चेहरा पांढरा पडला होता.

"सत्यवती, जरा ये," त्या म्हणाल्या. "माझा हात धर."

मी त्यांचा डावा हात धरला. तो माझ्या हातातून सुटायला बघत होता. जोर फार नव्हता, पण थांबतही नव्हता.

झालं होतं ते असं. त्या उजव्या हातानं फळ्यावर शब्द लिहीत होत्या आणि डावा हात वर जाऊन तो पुसत होता. पहिल्यांदा मुलांना गंमत वाटली, बाईंनाही वाटलं की चुकून झालं. तिसऱ्यांदा त्यांनी हाताकडे बघत बघत लिहिलं, तरी तो वर गेलाच. मुलं घाबरली ती तेव्हा.

दोन दिवस आधी त्यांचं डोकं दुखलं होतं आणि डावा पाय थोडा ओढल्यासारखा वाटत होता. त्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं.

घरी गेल्यावर प्रकार वाढला. उजवा हात बटण लावी, डावा काढी. उजव्या हातानं कपाट उघडलं की डावा ते लोटून द्यायचा. त्यांचे यजमान आग्नेल केळीची वाडी करायचे. अबोल माणूस. त्यांनी कोयते, विळी, सुऱ्या सगळं उचलून वाडीतल्या खोपटात नेऊन ठेवलं. बाईंनी ते पाहिलं, पण विचारलं नाही.

गावात बोलणं सुरू झालं. माझ्या आईनंसुद्धा मला बजावलं, "तिच्या हातचं पानी पिऊ नको." चर्चमधले फादर घरी येऊन प्रार्थना करून गेले. निघताना त्यांनी आग्नेलना बाजूला घेऊन सांगितलं की हे सैतानाचं काम नव्हे, हिला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. पण गावातल्या डॉक्टरांनी मनावर ताण आलाय म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या, आणि त्यात तीन आठवडे गेले.

मग तो रविवार आला. बाईंची धाकटी बहीण फ्लॉसी आपली चार महिन्यांची मुलगी एमिली हिला घेऊन आली होती. फ्लॉसीला आजाराचं नीटसं कुणी सांगितलं नव्हतं. ओट्यावर उभ्या असलेल्या बाईंच्या हातात तिनं मुलगी दिली आणि चपला काढायला वाकली. बाईंना नको म्हणायचं होतं. पण मूल हातात आल्यावर त्यांना बरं वाटलं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. ओट्याच्या दगडी पायऱ्या त्यांच्या पुढ्यातच होत्या. आणि डावा हात मुलीच्या पाठीखालून निघाला.

"घे हिला!" त्या ओरडल्या. सगळं वजन उजव्या हातावर आलं होतं, एमिली कलली होती. फ्लॉसीनं तशीच झेप घेऊन तिला पकडलं. मुलीला काही झालं नाही. फ्लॉसी मात्र तिला छातीशी धरून मागे मागे सरकत गेली, आणि बहिणीकडे तिनं ज्या नजरेनं बघितलं ती बाईंच्या मनातून पुढे कित्येक वर्षं गेली नाही.

त्या दिवसापासून डेल्फिनबाईंनी डावा हात ओढणीनं कमरेशी बांधला. जेवायलाही सोडेनात. मी भेटायला गेले तेव्हा त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हात माझाच आहे ना गं? मग मुलीला टाकावं असं आत कुठंतरी मलाच वाटत असेल."

त्यांना मूलबाळ नव्हतं. बहिणीच्या मुलीचा आपल्याला हेवा वाटतो की काय, हा विचार त्यांना खात असणार हे मला कळलं.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात आग्नेलबरोबर मीही गेले. तिथल्या मेंदूच्या डॉक्टर वयस्कर बाई होत्या. डोक्याचे फोटो काढून झाल्यावर त्यांनी रंगीत पेन्सिली घेतल्या आणि कागदावर शब्द लिहिले. हिरव्या पेन्सिलीनं 'लाल', निळीनं 'पिवळा', लालनं 'हिरवा'. म्हणाल्या, "अक्षरं वाचू नका. रंग कुठला ते सांगा."

डेल्फिनबाई म्हणाल्या, "लाल." मग, "पिवळा." चुकतंय हे कळत होतं. त्यांच्या कपाळावर घाम आला. शेवटी त्यांनी कागद उलटा केला आणि रडायला लागल्या.

डॉक्टरांनी मला तेच विचारलं. मीही अडखळले, पण सावकाश का होईना, बरोबर सांगितलं.

"हिलाही आधी अक्षरच दिसलं," माझ्याकडे बोट करून डॉक्टर बाईंना म्हणाल्या. "सगळ्यांना तेच दिसतं. वाचायची सवय पुढे धावते. मेंदूच्या पुढच्या भागात तिला अडवून 'थांब, रंग विचारलाय' असं सांगणारी जागा आहे. तुमच्या डोक्यात तिथली एक रक्तवाहिनी बंद झाली. मेंदूच्या दोन बाजूंना जोडणारे धागेही दुखावलेत. त्यामुळे एका हाताचं काम दुसऱ्याला कळत नाही, आणि कुणी अडवतही नाही."

बाईंनी मान खाली घातली आणि एमिलीचं सांगितलं. टाकावंसं वाटलं असेल का, हेही विचारलं.

डॉक्टर म्हणाल्या, "हात सुटल्यावर तो गेला कुठं?"

बाईंना आठवत नव्हतं. आग्नेल वाडीच्या बाजूनं ओट्याकडे येत होते, त्यांनी पाहिलं होतं. महिनाभर त्याबद्दल चकार शब्द न काढलेला तो माणूस म्हणाला, "मुलीच्या दुपट्याच्या गोंड्याला. गोंडा लोंबत होता, तो धरला तिनं."

"मग झालं," डॉक्टर म्हणाल्या. "लोंबती वस्तू दिसली की आपलाही हात जातो. पण हातात मूल आहे म्हणून आपला मेंदू त्याला अडवतो. तुमचा अडवू शकला नाही. यात तुमची इच्छा कुठंच नव्हती."

डेल्फिनबाईंनी आग्नेलकडे बघितलं. "आधी का नाही सांगितलं?"

"तू विचारलं नाहीस," ते म्हणाले. नंतर म्हणाले, "आणि मलाही भीती वाटत होती."

उपाय साधेच होते. डाव्या हाताला काहीतरी धरायला द्यायचं, म्हणजे तो त्यात गुंततो. एका वेळी एकच काम करायचं. हात निघाला की त्याला मोठ्यानं सांगायचं. सहा-सात महिन्यांत बराच फरक पडला, पाय सुधारला. दोन पालकांनी आपली मुलं दुसऱ्या वर्गात हलवली. हेडमास्तरांनी मात्र बाईंची तिसरी त्यांच्याकडेच ठेवली. एमिली स्वतःच्या पायांनी चालायला लागेपर्यंत बाईंनी तिला हात लावला नाही. फ्लॉसी आग्रह करायची, तरीही नाही.

भीती पूर्ण गेली असं मी म्हणणार नाही. १९८६मध्ये एकदा मी हजेरीपट मागायला त्यांच्या वर्गात गेले होते. फळ्यावर लिहिता लिहिता त्यांचा डावा हात हलला. त्याला गुंतवायला दिलेलं डस्टर खाली पडलं, बोटं उघडली आणि हात हळूहळू वर जाऊ लागला. मी दारात जागच्या जागी थिजले. मुलांना माहीत होतं, ती गप्प बसली.

"थांब," डेल्फिनबाई हाताला म्हणाल्या. आवाज बारीक झाला होता. "थांब. आता मी लिहितेय."

हात अक्षरांपासून चार बोटांवर थरथरत राहिला. किती वेळ ते सांगता येत नाही. मग तो खाली आला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं उठून डस्टर त्यांच्या मुठीत दिलं, आणि बाईंनी अर्धा राहिलेला शब्द पुरा केला.