शाळेच्या मोज्यातले तांदूळ

आमच्या क्लिनिकमध्ये पेशंट येताना पर्स आणते, मोबाइल आणते, जुने रिपोर्ट आणते आणि जाताना सगळं आठवणीने परत नेते. किस्सा तेवढा माझ्या टेबलावर विसरून जाते! सोळा वर्षांचे साठलेत. ठेवू कुठे? म्हणून तुम्हाला सांगते. नावं-गावं बदलली आहेत, कोण असेल ते ओळखत बसू नका.

मी छाया सिस्टर. पनवेलला एस.टी. स्टँडच्या मागे, मिठाईच्या दुकानावर आमच्या मॅडमचं प्लास्टिक सर्जरीचं क्लिनिक आहे. भाजलेले हात येतात, फाटलेले ओठ येतात. पण दार नीट लावून, आवाज खाली आणून जे विचारलं जातं ते एकच. छाती मोठी करता येते का?

येते. पण आमच्या मॅडम आधी दहा वेळा ‘कशाला?’ विचारतात.

* * *

खारघरच्या एक बाई तीन वेळा आल्या. तिन्ही वेळा ‘मैत्रिणीसाठी’!

टाके कुठे येतात? मॅडम म्हणाल्या, बहुतेक वेळा खालच्या घडीत, व्रण राहतो पण झाकला जातो. पुढे बाळाला दूध पाजता येतं? बऱ्याच जणींना येतं, पण मी शब्द देणार नाही. नंतर छातीची तपासणी करता येते? करायचीच, फक्त आत इम्प्लांट आहे हे तिथे आधी सांगायचं.

बाई सगळं वहीत लिहून घ्यायच्या, ‘मैत्रिणीला सांगते हं,’ म्हणून निघायच्या. तिसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, “आता मैत्रिणीलाच पाठवा. माप घ्यावं लागेल.”

बाई पर्स ठेवून उभ्याच राहिल्या. “माझंच घ्या ना! आम्हा दोघींचं सेम आहे!”

* * *

एक नवरा बायकोला घेऊन आला आणि खुर्चीत बसायच्या आधीच त्याने मोबाइल पुढे केला. कुठल्यातरी नटीचा फोटो. “मॅडम, असं!”

मॅडमनी फोटोकडे पाहिलंसुद्धा नाही. बायकोला विचारलं, “तुम्हाला काय हवंय?”

ती दचकलीच. हा प्रश्न तिला कुणी विचारला नसावा. म्हणाली, “मला? मला दोन दिवस झोप हवीय.”

मॅडमनी लेटरहेडवर खरंच लिहून दिलं, दोन दिवस पूर्ण झोप, मुलं नवऱ्याकडे. वर त्याला म्हणाल्या, “फरक पडला नाही तर मला भेटा.” ती जिना उतरताना हसत होती. मला इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी खालून पेढे आणून मी सगळ्यांना वाटले.

* * *

आता सुनीता. कोन गावची, दोन मुलांची आई. लग्नाआधी डाव्या बाजूची गाठ काढलेली. गाठ साधी होती, पण ती बाजू कायमची खोलगट झाली. चौदा वर्षं ही बाई ब्लाउजमध्ये रुमालाच्या घड्या घालून वावरत होती. नवऱ्याला माहीत होतं. सासूला नाही.

“सासूला कळलं तर म्हणेल, फसवून दिली पोर! लग्नात आमच्या घरच्यांनी लपवलंच ना, सिस्टर. आणि तिचा आवाज काय साधा नाय. अंगणातून बोलली तर एक्स्प्रेसवेवरचे ट्रक ब्रेक मारतील!”

मॅडमनी सांगितलं, ऑपरेशन होईल, दोन्ही बाजू बऱ्याच जुळतील, अगदी तंतोतंत नाही. पण नंतर काही आठवडे जड उचलायचं नाही, हात उंच करायचे नाहीत. पाण्याची कळशीसुद्धा नाही.

सुनीताचा चेहराच उतरला. एका घरात राहून हे सासूपासून लपवणार कसं? “मग राहू दे,” म्हणाली आणि डोळे पुसायला रुमाल शोधायला लागली. मग तिचं तिलाच हसू आलं. मला नाही आलं.

मॅडम म्हणाल्या, “ठरवू नका. आधी तांदूळ न्या.”

* * *

तांदळाचं सांगते. इम्प्लांटचा आकार मिलिलिटरमध्ये असतो, तो ऐकून कुणाला काय कळणार? म्हणून मॅडम घरी करायला सांगतात. मापाच्या कपाने तांदूळ घ्या, मोज्यात भरा, गाठ मारा, आठ दिवस ब्राच्या आत घालून झाडा, पुसा, जिना चढा. वजन पेलतं का, कपडे कसे बसतात, सगळं समजतं. मोठं हवं म्हणणाऱ्या निम्म्या जणी तिसऱ्या दिवशी मुकाट तांदूळ कमी करतात!

एकच प्रश्न सगळ्या विचारतात. “कुठला घेऊ? कोलम चालेल?”

“अहो, खायचा नाहीये!” मॅडमचं हे उत्तर आता मिठाईवाल्यालाही पाठ आहे.

सुनीताने मुलाचा शाळेचा पांढरा मोजा भरला. एकच. डावीकडचा.

* * *

बेलपाड्याच्या एका काकूंची तारीख ठरली होती. मॅडमनी चार वेळा विचारलं, सिगारेट, तंबाखू काही? तंबाखूने जखम भरत नाही, टाके उसवू शकतात. काकूंनी चारही वेळा कानाला हात लावले.

ऑपरेशनच्या सकाळी मी खोलीत गेले तर काकू बेसिनपाशी डबी उघडून निवांत मिश्री लावत होत्या!

“काकू, हा तंबाखूच ना?”

“छट! तंबाखू खातात. ह्याने तं आमी दात घासतो!”

मॅडमनी ऑपरेशन पुढे ढकललं. महिनाभर मिश्री बंद. काकूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांच्यावर अन्याय केलाय. “म्हंजे महिनाभर दातच नाय घासाचे?”

* * *

आणि ती गॅरंटीवाली! “किती वर्षांची?” मॅडमनी सरळ सांगितलं, जन्मभराची नाही. आत कडक होऊ शकतं, फाटू शकतं, पुढेमागे बदलावं लागू शकतं, मधूनमधून तपासणी हवीच. मला वाटलं, ऐकून घाबरेल. ती कसली घाबरते!

“ठीक आहे. बदलताना जुने एक्सचेंजमध्ये घेता का?”

* * *

पाचव्या दिवशी सुनीताचा फोन. रडत होती. “सिस्टर, मोजा गायब! कपाटात नाय, गादीखाली नाय. आणि सासू सकाळपासून गप हाय. आमची सासू कधी गप नसते हो!”

त्यानंतर फोन बंद. मी मॅडमना सांगितलं. पुढचे दिवस जिन्यावर पाऊल वाजलं की आम्ही दोघी दाराकडे बघायचो.

दुसऱ्या सोमवारी सुनीता आली. मागून नऊवारीतल्या सासूबाई. सुनीताची नजर जमिनीवर. मी पटकन दार लावून घेतलं, तो आवाज खाली मिठाईवाल्यापर्यंत जायला नको म्हणून.

सासूबाई खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, “डाक्टरीनबाय, किती दिस पानी नाय भराचा हिने?”

मॅडमनी सांगितलं.

“मी भरीन.”

सुनीता चाचरत म्हणाली, “आई, तुमाला कधी कळलं...”

“घरातले कपडे कोन धुतं? चवदा वर्सं घड्या पडलेले रुमाल मीच वालत घालते ना? तू सांगशील म्हनून थांबलू.”

सुनीताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मॅडम चष्मा पुसायला लागल्या.

सासूबाईंनी पदर बाजूला केला, ब्लाउजमध्ये डावीकडे हात घातला आणि शाळेचा पांढरा मोजा काढून टेबलावर ठेवला.

“आठ दिस घातला. वजन ठीक हाय. पन टोचतो. हिला मऊ टाका.”