अडखळत वाचणाऱ्यांचा वर्ग

महामाया इंगळेला सगळ्यात अवघड जाणारा शब्द म्हणजे तिचं स्वतःचं नाव. ओठ मिटतात आणि ‘म’ आतच अडकून बसतो. समोरचा माणूस मग इकडेतिकडे बघतो, हसतो, नाहीतर दया येऊन एखादं नाव सुचवतो. लहानपणी तिने मंदा, माला अशी नावंही मुकाट मान हलवून मान्य केली होती.

ती बुलढाणा जिल्ह्यातल्या वडनेर भोलजी गावची. आई बनाबाई निंदायला, कापूस वेचायला जायची आणि वडील नांदुऱ्याला हमाली करायचे. पोरगी हुशार, पण शाळेत उत्तर द्यायला उठली की वर्गात खसखस पिकायची. हळूहळू गुरुजींनी तिला उठवणंच सोडलं. आपण पोरीला सांभाळून घेतोय, असं त्यांना वाटत असावं. महामायाला मात्र वाटायचं, वर्गात आपली जागा आहे, आपण नाही.

तरी तिला व्हायचं होतं ते शिक्षिकाच. जळगाव जामोदला राहून तिने डीएड केलं. लेखी परीक्षेत ती कायम वर, पण सराव पाठाला वर्गासमोर उभी राहिली की पहिल्याच वाक्याला अडायची. पुढे खासगी शाळांमध्ये मुलाखती दिल्या. एका मुख्याध्यापकांनी तिची वाक्यं स्वतःच पूर्ण केली आणि शेवटी “कळवतो” म्हणाले. कळवलं कुणीच नाही. मग तिने शिलाई मशीन घेतलं. ब्लाऊज, फॉल, पिको, शाळेचे गणवेश. मशीन चालू असलं की फारसं बोलावं लागत नाही.

कोरोनात शाळा बंद पडल्या. शेजारची करिष्मा नावाला तिसरीत होती. ती दिवसभर मशीनपाशी बसून बाहुलीसाठी चिंध्या वेचायची. एकदा महामायाने तिला कापडाच्या पिशवीवरचं दुकानाचं नाव वाचायला सांगितलं. करिष्माने पिशवी नीट हातात धरली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि ठणकावून म्हणाली, “चिखली!” पिशवीवर चिखली गावाचं नाव कुठेच नव्हतं. तिसरीतल्या पोरीला अक्षरं येत नव्हती, पण येत नाहीत हे झाकायला मात्र ती पक्की शिकली होती. ही झाकाझाक महामायाच्या फार ओळखीची होती. तिने मशीन बंद केलं आणि पाटी काढली.

आठवडाभरात करिष्माने मैत्रिणी आणल्या, मैत्रिणींनी भावंडं आणली. घरात जागा पुरेना तेव्हा वस्तीतल्या बुद्धविहाराचं काम बघणाऱ्या नागसेन काकांनी किल्ली तिच्या हातात दिली. “संध्याकाळी हॉल रिकामाच राह्यते. पोट्टे शिकतीन तं बरंच हाये,” ते म्हणाले. फी नव्हती. रोज दिवेलागणीपर्यंत वर्ग चालायचा, आणि शाळा सुरू झाल्यावरही तो चालूच राहिला.

महामायाला लहानपणापासून एक गोष्ट ठाऊक होती. विहारात सगळ्यांबरोबर वंदना म्हणताना तिची जीभ कधीच अडत नसे. म्हणून तिच्या वर्गात वाचन सगळ्यांचं मिळून व्हायचं. ज्याला येत नाही त्याचा आवाज बाकीच्यांच्या आवाजात मिसळून जायचा, आणि काही दिवसांनी तोच आवाज वर यायचा. मग एकेकट्याने वाचायची पाळी. तिथे एकच नियम होता. करिष्मा एकदा दुसऱ्या मुलीचा शब्द घाईने बोलून गेली, तेव्हा महामायाने तिच्याकडे बघून सांगितलं, “दुसऱ्याचा श... शब्द आपण बोलाचा नाही. त्याले येऊ द्याचा.”

पोरं तिच्या अडखळण्याला हसली ती पहिले काही दिवसच. पुढे त्यांना त्याची सवय झाली.

वर्गाची कीर्ती वस्तीबाहेर गेली. भाजी पिकवणाऱ्या घरांतली काही मुलं यायला लागली. त्यात होती पाचवीतली रेणुका. तिची आजी रुक्मिणीबाई तिला पहिल्या दिवशी स्वतः घेऊन आली आणि विहाराच्या पायरीवर चप्पल काढून आत बसली. “पुस्तक घेतलं का पोरगी गाडीवानी पळते,” ती म्हणाली. “अन् काय वाचलं पुसलं तं काहीच सांगत नाही.”

ते खरं होतं. रेणुका पहिलं अक्षर बघून पुढचा शब्द अंदाजाने ठोकून द्यायची. ‘पाऊल’ला पाऊस म्हणायची आणि थांबायचीही नाही. महामायाने तिला हळू केलं. शब्दावर बोट ठेवायचं, तो पूर्ण बघायचा, मगच तोंड उघडायचं. पावसाळा सरेस्तोवर रेणुका सावकाश, पण खरं वाचायला लागली.

आणि तिथेच घोळ झाला. एका संध्याकाळी रेणुकाचे वडील गुलाबराव विहाराच्या दारात येऊन उभे राहिले. वांगी विकून आलेले, अंगात दिवसभराचा शीण. त्यांनी मुलांदेखत सुरू केलं.

“बाई, माही पोरगी चांगली धडाधडा वाचत होती. आता घरी पुस्तक घेतलं का अडकते. तोतरी करून ठेवली तुमनं तिले!”

“भ... भाऊ, त... त...” महामाया उठून उभी राहिली, पण पुढचा शब्द आलाच नाही.

“हे पाहा. जे तुमाले येत नाही ते दुसऱ्याले काऊन शिकवता?” त्यांनी रेणुकाचा हात धरला आणि निघाले. रेणुका मागे वळून बघत होती. महामायाने पुस्तक उघडलं, सगळ्यांना वाचायला लावलं आणि स्वतः मात्र त्या आवाजात आवाज मिसळला नाही.

बातमी गावभर झाली. वस्तीबाहेरची मुलं यायची थांबली. काहींच्या आईबापांना खरंच धास्ती वाटली असेल, पण पोरांना विहारात पाठवायचं जिवावर आलेल्यांना निमित्त मिळालं, हेही तेवढंच खरं. मग वस्तीतल्याही दोन आया कुजबुजायला लागल्या. महामायाने किल्ली नागसेन काकांना परत केली.

बनाबाईने लेकीला खूप समजावलं, पण तिच्या मनातून ते जाईना. आपल्यामुळे एखाद्या पोरीच्या जिभेला हे लागलं असलं तर? शेवटी ती आईला घेऊन एसटीने बुलढाण्याला गेली आणि सरकारी दवाखान्यात विचारून आली. तिथल्या डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं, हे एकाचं दुसऱ्याला लागत नसतं. तरी गावात उतरल्यावर किल्ली मागायला न जाता ती सरळ घरी गेली आणि मशीनवर बसली.

चार दिवसांनी रुक्मिणीबाई ब्लाऊजपीस घेऊन तिच्या दारात आली. माप देऊन झालं तरी ती उठेना.

“माय, एक सांगू का? माही नात तोतरत नाही. बोलताना कुठी अडते का ती? भांडते तं पुरं घर ऐकते. पुस्तकातच थांबते, अन् थांबून जे वाचते ते मले समजते. आधी समजत नव्हतं. म्या पोराले सांगतलं, पण तो कुठी ऐकते माहं.”

महामायाने कात्री खाली ठेवली. ती त्याच संध्याकाळी, आईला न सांगता, एकटी गुलाबरावांच्या घरी गेली. ते ओसरीवर बसून वांगी निवडत होते. त्यांनी बस म्हटलं नाही. ती उभ्यानेच बोलली.

“भाऊ, म... म्या ति... तिले...”

“तोतरं नाही केलं, हेच नं?” गुलाबराव म्हणाले.

दारातून रेणुका पुढे आली. “बाबा, थांबा नं. ताईचं होऊ द्या.”

गुलाबरावांनी पोरीकडे पाहिलं. हातातलं वांगं तसंच राहिलं. महामायाला आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी दारात हवा तेवढा वेळ मिळाला.

“म्या तिले थां... थांबाले शिकवलं,” ती म्हणाली. “ती अं... अंदाजे बोलत होती. आता पाहून बोलते. माहं अडणं वेगळं हाये. ते म... मले जन्माचं हाये. तिले नाही होत. तुमी तिले एक पान वाचाले लावा. अन् मंधात बोलू नका.”

रेणुकाने पुस्तक आणलंच होतं. ती वाचायला लागली. थांबत, बोट सरकवत. धडा विहिरीत पडलेल्या वासराचा होता. गुलाबरावांचे ओठ दोनदा हलले, पण त्यांनी शब्द गिळला. वासरू वर आलं तेव्हा त्यांनी विचारलं, “कोनं काढलं त्याले?” आणि रेणुकाने पुस्तकात न बघता सांगितलं.

माफी वगैरे कुणी मागितली नाही. “पाहू,” एवढंच गुलाबराव म्हणाले आणि घरातून चहा मागवला. सोमवारी रुक्मिणीबाई नातीला घेऊन विहारात हजर झाली. नागसेन काकांनी किल्ली परत दिली. सगळी मुलं काही परत आली नाहीत. दोन-तीन घरांनी पोरांना शेवटपर्यंत पाठवलं नाही. त्याचं महामायाला वाईट वाटतं आणि ते ती लपवत नाही.

आता वर्गात समता नावाची कॉलेजची मुलगी गणित घेते. महामायाला शाळेत नोकरी अजून लागलेली नाही. दुपारी मशीन, संध्याकाळी विहार, असा तिचा दिवस जातो.

यंदा वस्तीत सिंधूताईंच्या घरी रुपाली नावाची सून आली. सून मुकी आहे की काय, असं शेजारी विचारायचे, इतकं ती कमी बोलायची. तीही अडखळते, हे पाणी भरताना महामायाच्या लक्षात आलं. तिने काही विचारलं नाही. “संध्याकाळी वि... विहारात येत जा, पोट्टे सांभाळाले मले माणूस पाह्यजे,” एवढंच म्हणाली. रुपाली काही दिवस मागे भिंतीला टेकून बसली. मग एका संध्याकाळी मुलांचं एकत्र वाचन सुरू झालं आणि त्यांच्यात एका मोठ्या बाईचा आवाज ऐकू यायला लागला, कुठेही न अडणारा. रस्त्याने घरी चाललेल्या सिंधूताई सुनेचा आवाज ओळखून विहाराच्या खिडकीशी थांबल्या. त्यांनी डोक्यावरची चाऱ्याची पेंडी खाली ठेवली आणि धडा संपेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या.