खडूस बाईची भूमिका

गणिताच्या बाईंना शाळेत सगळे करवत म्हणत, आणि हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. एकतीस वर्षं लाल पेन चालवल्यावर असं नाव पडायचंच, त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे. सलत होतं ते दुसरंच. मधल्या सुट्टीत भाषेच्या सरांभोवती पोरांचं मोहोळ जमे, बाईंच्या टेबलाकडे मात्र कुणी फिरकत नसे. आपणहून शंका विचारायला आलेलं एकही पोर त्यांना आठवेना. निवृत्तीला चार महिने उरले होते. तेवढ्यात एक तरी यावं, असं त्यांना मनापासून वाटे. पण हे बोलून दाखवणार कुणाला?

अशात दहावीच्या पोरांनी शाळाशाळांच्या स्पर्धेसाठी सिनेमा काढायचं ठरवलं. दहा मिनिटांचा, मोबाइलवर. मुख्याध्यापकांनी अट घातली की एक तरी शिक्षक त्यात हवा. कथेत खडूस बाई होतीच, त्यामुळे शोधाशोध करावी लागली नाही. दिग्दर्शिका, म्हणजे वर्गातली सगळ्यात आगाऊ मुलगी, संहिता घेऊन आली, बाईंच्या टेबलावर ठेवली आणि धूम पळाली.

दुसऱ्या दिवशी संहिता परत मिळाली ती लालभडक होऊन. चष्मेवाला तो हुशार, आडदांड तो मठ्ठ आणि मारकुटा, सुंदर ती शिष्ट, प्रत्येकावर काट. खाली शेरा: "नुसती उत्तरं. ही मुलं अशी का झाली? पायऱ्या कुठे आहेत? शून्य."

पोरांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. दिग्दर्शिका मात्र हार मानणाऱ्यातली नव्हती. तिने भूमिकाच फिरवल्या. वर्गातला थोराड मुलगा, ज्याला सगळे पहिलवान म्हणत, तो झाला हुशार. आणि दरवर्षी पहिला येणारा, फुंकर मारली तर उडेल असा चश्मिस झाला वर्गाचा दादा. मग ती थेट बाईंसमोर जाऊन उभी राहिली.

"बाई, खडूस बाई खडूस का झाली? तुमच्याही पायऱ्या द्या ना."

बाईंनी उघडं लाल पेन टोपणात खुपसलं. "उद्या बघू," म्हणून त्यांनी तिला पिटाळलं.

शूटिंगच्या दिवशी चश्मिस बाकावर तंगड्या टाकून बसला होता आणि बाक करकरलं की स्वतःच दचकत होता. त्याचा चष्मा पहिलवानाच्या नाकावर. पहिलवानाने फळ्यावर गणित सोडवायचं आणि बाईंनी तरीही खेकसायचं, एवढाच प्रसंग. उत्तर त्याच्या तळहातावर लिहून दिलं होतं. पण गडी इतका घामाघूम झाला, की हातावर नुसता शाईचा डाग उरला.

खडू धरून तो उभाच. शेवटी त्याने चष्मा काढला.

"बाई, मला खरंच येत नाही हे. सातवीपासून येत नाही."

हे संहितेत नव्हतं. हसलं कुणीच नाही. बाई खेकसायचं विसरल्या, कॅमेरा चालू आहे हेही विसरल्या.

"मलाही येत नव्हतं," त्या म्हणाल्या. "माझ्या बाईंनी दया येऊन पास केलं मला. तेव्हा फार गोड वाटलं रे, पण पुढे कॉलेजात अशी तोंडघशी पडले की वर्ष गेलं. तेव्हाच ठरवलं, फुकटचा मार्क कुणाला द्यायचा नाही. पण विचारलं असतंत तर रात्रंदिवस शिकवलं असतं. कुणी विचारलंच नाही. बरं, अपूर्णांकापासून धरू या."

त्या शिकवत राहिल्या. उत्तर आलं तेव्हा पहिलवान असा ओरडला, की शेजारच्या वर्गातले सर धावत आले.

सिनेमा झाला सतरा मिनिटांचा. "कापा, नियम म्हणजे नियम," बाईंनी स्वतः बजावलं. दिग्दर्शिका ढिम्म हलली नाही. स्पर्धेवाल्यांनी तो अर्थातच दारातून परत पाठवला. मग शाळेच्याच सभागृहात दाखवला. बाई शेवटच्या रांगेत बसून बघत होत्या आणि कुणाचं लक्ष नाही असं पाहून डोळे पुसत होत्या.

सोमवारी मधल्या सुट्टीत पहिलवान वही घेऊन टेबलाशी हजर. त्याच्यामागे आणखी दोघी. आणि सगळ्यांच्या मागे, दाराला टेकून, चश्मिस.

"तुझं रे काय अडलं? शंभरपैकी शंभर घेतोस की."

"अडलं नाही काही, बाई." तो वहीचा कोपरा दुमडत राहिला. "सगळं येतं ना, म्हणून मला कुणी कधी समजावूनच सांगत नाही."

बाईंनी शेजारच्या टेबलाची खुर्ची ओढली आणि म्हणाल्या, "बस इथे."