मावशीची पांढरी साडी

कोऱ्या कापडाच्या खळीचा वास आला की मला महाद्वार रोडवरचं साड्यांचं दुकान आठवतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. शेजारच्या बौद्ध घरातल्या, आईविना वाढलेल्या पोरीचं लग्न ठरलं होतं आणि साडी घ्यायला ती माझ्या बायकोला घेऊन गेली होती. पिशव्या धरायला मी. दुकानदारानं लाल, हिरव्या, जांभळ्या साड्यांचा ढीग घातला, पण पोरीचा हात सोनेरी काठाच्या पांढऱ्या साडीवरून हलेना. "मावशी, आमच्यात नवरी पांढऱ्यातच उभी राहत्या. तुम्ही बी पांढरीच नेसा की. आईच्या जागी तुम्हीच हाय." आमच्यात पांढरी साडी विधवेची. मी भर दुकानात ओरडलो, "अगं, मी अजून जित्ता हाय की!" दुकानदारासकट सगळे हसत सुटले, पोरगी मात्र मान खाली घालून बसली. बायकोनं दुसरी पांढरी साडी उचलून खांद्यावर टाकली आणि माझ्याकडं वळली, "जित्ता हायसा न्हवं? मग बघून सांगा, शोभतीया का न्हाय!" पोरगी हसत, रडत तिच्या गळ्यात पडली. ती साडी मीच हौसेनं घेऊन दिली, असं गल्लीत आजही सांगतात आणि इतकी वर्षं मी नुसती मान डोलावली. खरं हे, की मी घाबरलो होतो, बायको नाही. लग्नात कपाळभर कुंकू, हातभर हिरवा चुडा आणि अंगावर पांढरी साडी अशी ती नवरीशेजारी उभी राहिली, तेव्हा सगळ्यांनी जोडप्यावर फुलं उधळली. माझी मात्र मुठीतच राहिली, कारण मी माझ्या बायकोकडंच बघत होतो.