कवळीकाकांनी भाव सांगितला

त्यांना सगळे कवळीकाका म्हणत. दवाखान्याच्या खुर्चीत आ वासून बसलेल्या माणसाला ते कधी दिसत नसत, कारण त्यांची खोली मागे होती, एक्स-रेच्या यंत्राच्या पलीकडे. एक बेसिन, एक लांब टेबल, पॉलिशचं चाक आणि खिडकीशी उंच स्टूल, एवढाच तिथला संसार. पुढे डॉक्टर माप घेत. मागे काका त्या मापात प्लास्टर ओतत, मेणाचा हिरडा घडवत, त्यात एकेक दात बसवत आणि मग शेवटी खरी कवळी करून तिला अशी काही चकाकी आणत, की घालणारा आरशापुढून हलायचं नाव घेत नसे. आसपासच्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू काकांच्या हातचं होतं. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला की काकांची नजर आधी दातांकडे जायची. बायको कोपराने ढोसायची, "अहो, माणसाच्या डोळ्यांत बघून बोलावं."

काका या खोलीत आले तेव्हा मिसरूडही धड फुटलेलं नव्हतं. मोठ्या डॉक्टरांनी त्यांना हाताला धरून काम शिकवलं. मोठ्या डॉक्टरांचा मुलगा शाळा सुटली की त्याच टेबलाच्या टोकाला अभ्यास करत बसायचा, आणि उरलेल्या प्लास्टरचे काकांकडून ससे करून घ्यायचा. पुढे तो मुलगा शिकून डॉक्टर झाला, मोठे डॉक्टर गेले, आणि मुलगा त्यांच्या खुर्चीवर बसला. त्या दिवसापासून काकांनी त्याला 'अरे' म्हणणं सोडलं. तो मात्र 'काका, काका' करतच राहिला. दुपारचा चहा दोघं एकत्र घेत. काकांना वाटे, आणखी काय हवं?

पगार वाढायचा, नाही असं नाही. पण तो झाडावरून फळ पडावं तसा वाढायचा. पडेल तेव्हा उचलायचं. झाड हलवून बघावं, हे काकांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. घर चालायचं ते त्यांच्या बायकोच्या हिशोबी हातामुळे. ती एका शाळेच्या ऑफिसात कारकून होती. साबणाचा तुकडा नव्या साबणाला चिकटवणारी बाई. पण बँकेत दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकल्याशिवाय तिला घास गोड लागत नसे.

गोष्ट हलली ती सासूबाईंच्या दातांमुळे.

काकांच्या सासूबाई त्यांच्याकडेच राहत. त्यांचे राहिलेसाहिले दात एकदाचे निघाले आणि त्यांना पूर्ण कवळी करायची ठरली. काकांनी जीव ओतून ती केली. डॉक्टरांनीही मान राखून दहा टक्के कमी केले. सासूबाईंनी मात्र हट्टाने स्वतःच्या पैशांतून बिल भरलं, आणि घरी येऊन नवीकोरी बत्तिशी दाखवत पहिलं वाक्य बोलल्या ते असं :

"जावईबापू, या एका कवळीत तुमचा अर्धा पगार गेला हो!"

"माझा कसा? तुमचे पैसे गेले, आई."

"तेच म्हणते मी. माझ्या एकटीच्या तोंडात तुमचे पंधरा दिवस बसलेत. आणि अशा महिन्याला किती करता तुम्ही?"

काका बोटांवर मोजू लागले. बोटं संपली.

"खर्च असतात हो त्याला," ते म्हणाले. "खुर्ची आहे, वीज आहे, यंत्रं आहेत, शिकायला घातलेली वर्षं आहेत..."

"असू देत की! त्याने त्याचं घ्यावं. लबाड नाहीच तो. पण तुमचं तुम्ही कधी घेणार? तोंडं मिटतील तेव्हा?"

बायको आतून भांडी पुसत ऐकत होती. ती बाहेर आली. "आई बरोबर बोलतेय. मी दात कोरते आणि पोट भरायची वाट बघते. माझ्या काटकसरीने दोन पैसे उरतात, पण वाढत नाहीत ते. वाढायचे तर ते तुमच्या खोलीतून आले पाहिजेत."

काका रात्रभर कूस बदलत राहिले आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेले.

"या काका, बसा ना."

"जरा बोलायचं होतं."

"बोला की."

आणि काकांची दातखीळ बसली. आयुष्यभर दुसऱ्यांची तोंडं उघडायला लावणाऱ्या दवाखान्यात त्यांचं स्वतःचं तोंड उघडेना. समोर डॉक्टर दिसत नव्हता, सशासाठी हात पुढे केलेलं पोर दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "ते... चाकाचा पट्टा सैल झालाय."

"मागवतो आजच. बरं झालं आलात, काका. कामं फार तुंबलीत. थोडे दिवस रविवारीही अर्धा दिवस याल?"

"येतो की."

घरी हे ऐकून बायकोने कपाळावर हात मारला. "मागायला गेलात आणि देऊन आलात!"

मग घरात तालीम सुरू झाली. सासूबाई चष्मा नाकावर ओढून डॉक्टर व्हायच्या, काका दारातून आत यायचे.

"काका, सध्या दिवस जरा वाईट आहेत," सासूबाई जड आवाजात म्हणायच्या.

"हो ना, खरंच," काका कळवळून म्हणायचे.

"अहो, लगेच हो कसलं म्हणता!" बायको ओरडायची. हसून हसून सासूबाईंची कवळी निसटायची वेळ यायची. पण हसण्यावारी नेता नेता बायकोने एक गोष्ट त्यांच्या डोक्यात पक्की बसवली. "घरात काय हवंय, कुणाचं औषध किती, हे एक अक्षर सांगायचं नाही. गरज सांगितली की लोक मदत करतात. तुम्हाला मदत नकोय. कामाची किंमत हवीय." प्लास्टर आणि मेण पुरवायला येणाऱ्या माणसाकडून काकांनी बाहेरचा भावही काढला. तो ऐकून ते बराच वेळ स्टुलावर नुसते बसून राहिले.

दुसऱ्यांदा ते केबिनमध्ये गेले तेव्हा बसलेच नाहीत. बसलं की आपण विरघळतो, हे त्यांना कळलं होतं.

"डॉक्टर, मला पगार नको. प्रत्येक कवळीमागे ठरलेला भाव द्या, बाहेर चालतो तो. आणि दुपारनंतर दुसऱ्या डॉक्टरांची कामं घ्यायची मोकळीक द्या. खोलीचं भाडं मी देईन."

डॉक्टरांच्या हातातला पेन थांबला. "काका, हे तुम्ही बोलताय? मी तुम्हाला घरचा माणूस समजतो."

"घरचाच आहे. म्हणून तर आधी इथे आलो."

"बाबा असते तर बोलला असतात असं?"

हा घाव वर्मी लागला. काकांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग म्हणाले, "नसतो बोललो. पण तेव्हाही बोलायला हवं होतं."

डॉक्टर म्हणाले, पगार थोडा वाढवतो, पण बाहेरची कामं नकोत. काकांच्या जिभेच्या टोकावर 'बरं' आलं. सवयच ती. ते त्यांनी गिळलं आणि "विचार करून सांगतो" असं म्हणून बाहेर आले. तेवढ्या तीन शब्दांनी त्यांना घाम फुटला होता.

पुढचे दिवस वाईट गेले. भांडण नाही, तंटा नाही, पण दुपारचा चहा काकांच्या खोलीत वेगळा येऊ लागला. डॉक्टर कामापुरतं बोलत, तेही फार अदबीने. काकांना वाटे, त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं. एका संध्याकाळी ते बायकोला म्हणाले, "जाऊ दे. देतोय तेवढं घेतो. या वयात कुठे उड्या मारायच्या?"

बायको उठली, कपाटातून बँकेचे कागद आणले आणि त्यांच्या मांडीवर ठेवले. "हे वाचा. वर्षभर एक पैसा आला नाही तरी घर चालेल. हे काय कपाटाची शोभा म्हणून जमवलं मी? कुणाला नाही म्हणायची वेळ आली तर पाय लटपटू नयेत, म्हणून जमवलं."

काकांनी कागद वाचले, पुन्हा वाचले, आणि महिना संपताच नोकरी सोडली. निरोपाच्या दिवशी डॉक्टरांनी हात जोडले, काकांनीही जोडले.

वह्या-पेनांच्या एका दुकानावर त्यांना खोली मिळाली. जिना अरुंद, पण उजेड चांगला. चाक आणलं, बेसिन बसवलं. पहिले काही आठवडे काका खिडकीत बसून रहदारी मोजत. मग एका डॉक्टरीणबाईंनी काम दिलं, त्यांच्या ओळखीने दुसऱ्याने. हा दुसरा घासाघीस करण्यात पटाईत निघाला. "काका, पहिलंच काम आहे, जरा बघा ना," असं म्हणाला मात्र, काकांची दातखीळ परत बसली आणि ते निम्म्या भावात काम घेऊन घरी आले.

बायको चिडली नाही. तिने एक पाटी रंगवून आणली, प्रत्येक कामापुढे भाव लिहिलेली, आणि जिन्याच्या वरच्या पायरीसमोर ठोकली. "तोंडाला जमत नाही ना? मग भिंतीला बोलू दे." पुढचं गिऱ्हाईक दम खात वर आलं, पाटी वाचली आणि मुकाट्याने काम ठेवून गेलं. काही महिन्यांनी काका पाटीकडे न बघता भाव सांगू लागले. त्यांचा आवाजही बदलला होता, असं सासूबाई शपथेवर सांगतात.

जुन्या दवाखान्यातून आधी एक खोका आला. आत माप होतं, सोबत शब्द नाही. काकांनी काम केलं, पाटीवरच्या भावाचं बिल लावलं. पैसे पूर्ण आले. मग दुसरा खोका, मग तिसरा. आणि एका दुपारी जिन्यावर ओळखीची पावलं वाजली. डॉक्टर स्वतः आले होते, हातात एका अवघड रुग्णाचं माप घेऊन. या माणसाचा जबडा वाकडा आहे, फोनवर समजावता येत नाही, म्हणाले. काम दोन मिनिटांत समजावून झालं. डॉक्टर मात्र उभेच.

"अरे, बस की," काकांच्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टर बसले. चहा आला. कप खाली ठेवून ते म्हणाले, "तुमचा भाव चुकीचा नव्हता, काका. मला माहीत होतं तेव्हाच. पण तुम्ही मागितलंत, आणि मला वाटलं, इतकी वर्षं मी फुकट घेतलं असं म्हणताय."

"छे रे. दिलं ते मी प्रेमाने दिलं. फक्त प्रेमाचा आणि पगाराचा डबा एकच ठेवला, ती चूक माझी."

त्यानंतर डॉक्टर महिन्यातून एखादी चक्कर मारतात. कामाचं निमित्त असतंच असं नाही.

कामं इतकी वाढली, की मदतीला दोन माणसं ठेवावी लागली आणि बिलं, वसुली, सामानाची खरेदी बघायला काकांच्या बायकोने शाळेची नोकरी सोडली. तिने आल्या आल्या दोन डॉक्टरांची थकलेली बिलं गोड बोलून वसूल केली. वर्ष बघता बघता गेलं. मग एके सकाळी ती टेबलासमोर उभी राहिली.

"अहो, माझ्या पगाराचं काय?"

काका दात बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "अगं, घरातच तर येतंय सगळं."

चाक फिरवणारा मदतनीस थांबला. काकांनाही आपलंच वाक्य ऐकू आलं असावं. त्यांनी हातातला चिमटा खाली ठेवला. चेहरा कानापर्यंत लाल झाला.

"किती?" त्यांनी विचारलं.

तिने आकडा सांगितला. छोटा नव्हता. काकांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाले, "गेल्या वर्षाचाही धर."

तो पगार तिने वेगळ्या खात्यात ठेवला, स्वतःच्या नावाने. काय करायचं ते कुणाला सांगितलं नाही. दोन-तीन वर्षांनी बाजूची खोली विकायला निघाली तेव्हा मालकाशी भाव तिनेच केला, थोडे पैसे कमी पडले ते कर्ज काढून भरले, आणि खरेदीच्या कागदांवर सही करायला काकांना साक्षीदार म्हणून नेलं. नोंदणीच्या ऑफिसातल्या कारकुनाने सवयीने कागद काकांपुढे सरकवला.

"मालकीणबाई तिकडे आहेत," काका म्हणाले. "मी नुसता सोबत आलोय."

ती खोली आता एका छायाचित्रकाराला भाड्याने दिली आहे. सासूबाईंनी पहिला फोटो तिथेच काढून घेतला, चांगलं तोंड भरून हसत, आणि पैसे द्यायची वेळ आल्यावर त्याला म्हणाल्या, "मालकिणीची आई आहे मी, पण पूर्ण घे हो. उगाच भिडेने कमी करू नकोस."