बांधलेलं बटण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि प्रकाशकाला तर नाहीच — त्याने लगेच आत्मचरित्राची जाहिरात केली असती.

फ्लेक्सवर माझी ओळख छापतात ती अशी — ‘कामगारांच्या वेदनेचा आवाज’, आणि जागा उरली तर ‘बालगोपाळांचे लाडके लेखक’. या दोन्ही पदव्या मिळण्याआधी मी तळवड्यात एका शेडमध्ये सुपरवायझर होतो. पत्रा कापायच्या प्रेसवर शौकत होता, बीडकडचा. मुलांसाठीचं माझं पहिलं पुस्तक तेव्हाच आलं — अंडं फोडणारं आणि संध्याकाळच्या आत आईपाशी कबूल करणारं एक मुंगूस. शौकतने ते आपल्या लेकीला, नाझनीनला, इतक्यांदा वाचून दाखवलं की पानं सुटली. मला म्हणाला, “मुंगूस लई इमानदार हाय तुमचं, राव. कंपनीत टिकायचं न्हाई.”

आम्ही दोघंही हसलो.

त्या प्रेसला दोन बटणं होती. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच प्रेस खाली यायची — म्हणजे हात आत सापडायची भीतीच नाही. पण वेळ जातो ना! माल चाकणला जायचा होता, शिफ्ट संपत आली होती... आणि कुणीतरी शौकतला म्हणालं, एक बटण रबराने बांधून टाक, एका हाताने चालव. कुणीतरी — बघा, अजूनही कसं लिहितोय! मी म्हणालो. तो नको म्हणत होता. मी पुन्हा म्हणालो.

त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली. चौकशीत मी ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असं सांगितलं. शौकतने माझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही — हे विचारायचंही धाडस मला कधी झालं नाही.

एवढंच असतं तर भ्याड म्हणून भागलं असतं. पण शौकत वारल्यावर मी त्याच्यावर कादंबरी लिहिली. तिथे मला कुणाची भीती होती? नावं बदललेली, शेड बंद पडलेली. खरं सांगायला याहून सुरक्षित जागा कुठली? तिथेही मी प्रेसवरच्या माणसाला दारू पाजली. तो पिऊन कामावर येतो आणि हात गमावतो. समीक्षकांना त्यात ‘शोकात्म नायक’ दिसला. शौकत जन्मात दारूला शिवला नव्हता.

निगडीतल्या सत्कारानंतर नाझनीन भेटायला आली. आता शाळेत शिकवते. गर्दी ओसरेपर्यंत थांबली, मग आवाज खाली आणून म्हणाली, “काका, तो माणूस म्हणजे अब्बाच ना? त्या दिवशी ते पिऊन आले होते?”

एक ‘नाही’ पुरलं असतं. मी म्हणालो, “कादंबरी आहे गं ती. सगळं असं मनाला लावून घ्यायचं नसतं.”



“तुम्ही अजून सांभाळून घेताय त्यांना,” ती म्हणाली. “अम्मीला नाही सांगणार मी.”

माझ्या खांद्यावरून घसरलेली शाल तिने नीट केली आणि ती जिन्याकडे गेली. मी तिला हाक मारली नाही.