शिबिरात पकडलेला पाहुणा

मुलीला मोहगावजवळच्या सात दिवसांच्या उन्हाळी शिबिरात पाठवलं, आणि तिसऱ्या दिवशी तिथे मी पकडला गेलो.

रेवा दहा वर्षांची. तिची आई जाऊन सात महिने झाले होते. तेव्हापासून पांढुर्ण्याच्या आमच्या घरात दोनच माणसं, आणि दोघंही फारसं न बोलणारी. सौसरच्या माझ्या मोठ्या बहिणीने, सुमनताईने, परस्पर तिचं नाव नोंदवलं.

"पोरगी सुकून राहिली," ताई म्हणाली. "चार लेकरांत राहू दे तिले."

शिबिराचा नियम एकच होता, सात दिवस ना फोन, ना भेट. मी सही केली. (मी शाळेत गणित शिकवतो. नियम म्हटला की माझी सही तयार असते.)

पहिल्या दिवशी मी घर झाडलं. दुसऱ्या दिवशी झाडलेलंच पुन्हा झाडलं आणि सवयीने दोघांचा भात टाकला. तिसऱ्या दिवशी दुपारी गाडी काढली. जाताना काहीतरी निमित्त हवं म्हणून तिच्या कपाटातून हाताला लागेल ते उचललं. मोहगावला पोचल्यावर पाहिलं, तर स्वेटर होता. मे महिना, अंगाची लाही होत होती.

शिबिर संत्र्याच्या बागेत भरलं होतं. तिला लांबून एकदा बघावं आणि परत फिरावं, एवढाच माझा बेत. म्हणून एका झाडामागे बसलो. नेमका त्याच वेळी मुलांचा खजिना शोधायचा खेळ सुरू झाला होता.

"सापडला," एक पोरगा ओरडला. "याच्यापाशीच चिठ्ठी असन."

दहा-बारा पोरांनी माझे खिसे उलटे केले. किराण्याची यादी निघाली. "तूरडाळ, साबण," असं मोठ्याने वाचून ती टोळी साबण शोधायला न्हाणीघराकडे धावली.

रेवा तेवढी मागे राहिली. "बाबा, तुम्ही काऊन आले?"

"स्वेटर द्यायला."

तिने स्वेटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

शिबिर चालवणारे काळे सर निवृत्त व्यायामशिक्षक. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. "आले आहा तर बसा आता गोलात," ते म्हणाले. "पण आमच्या रिवाजानं बसा लागन."

रिवाज असा, की संध्याकाळी सगळ्यांनी गोल करून बसायचं आणि चेंडू फिरवायचा. ज्याच्या हातात चेंडू येईल त्याने आज काय नवीन केलं ते सांगायचं. कोणी ताट घासलं होतं, कोणी विहिरीचं पाणी शेंदलं होतं. चेंडू रेवाकडे आला.

"मी आज माझी वेणी माझ्या हातानं घातली," ती म्हणाली. "घरी बाबा घालून देतात. ती शाळेत जाईपर्यंत सुटते. पण मी सांगत नाही, त्यांना वाईट वाटते."

सात महिने मी रोज सकाळी ती वेणी घालत होतो, आणि मला वाटत होतं की हे एक तरी जमलं.

मग चेंडू माझ्या हातात आला. "मी आज," एवढंच म्हणालो आणि रडायला लागलो. थांबताच येईना. बायकोच्या दहाव्यालाही असा रडलो नव्हतो. सगळी पोरं टकामका बघत होती.

रेवा उठली, पाण्याचा गिलास माझ्या हातात दिला आणि त्यांना शांतपणे म्हणाली, "नवीन आहेत ते. पहिल्या दिवशी सगळेच रडतात. मीबी रडली."

ती रडली होती, हे मला तेव्हा कळलं. आई गेल्यापासून माझ्यासमोर एकदाही रडली नव्हती.

निघताना ती फाटकापर्यंत आली.

"करमते का इथं?" मी विचारलं.

"करमते. तुम्ही घरी जेवत जा नीट."

काळे सरांनी पाठीवर हात ठेवला आणि अंधार पडायच्या आत मला वाटेला लावलं. त्या वर्षी तिथे घरची आठवण काढून रडलेली पोरं पुष्कळ होती, पण रडतो म्हणून घरी परत पाठवलेला एकच निघाला. वय बेचाळीस, गणिताचा शिक्षक.